अहिल्याबाईंचा पाय आणि परक्या दुकानाचा बूट

एक वेळ माणसानं लग्नात रुसून बसावं, पंगतीतून उठून जावं, सासऱ्याला उलट बोलावं. पण दुकानात जाऊन दुकानदाराला घाम फुटेस्तोवर राबवावं, निम्मं दुकान उलगडायला लावावं आणि मग हात झटकून "विचार करून सांगतो" म्हणत बाहेर पडावं, हे अहिल्याबाईंच्या लेखी माणसात बसत नव्हतं. आणि हे करणारा कुणी परका असता तर चार शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. तो त्यांच्या पोटचा निमिष होता.

अहिल्याबाईंची शाळा चौथीत सुटली होती, पण बार्शीच्या बाजारपेठेत नवऱ्यामागं त्यांनी साड्यांचं दुकान एकटीनं चालवलं होतं. गिऱ्हाईक दाराशी चप्पल काढतंय तोवर ते कसलं आहे हे त्या गादीवरून सांगत. घेणारं, बघणारं आणि घडीमोडं. बघणाऱ्यावर त्यांचा राग नव्हता. बघायला काय, माणूस देवळातसुद्धा बघायलाच जातो. पण घडीमोडं म्हणजे एकामागून एक साड्यांच्या घड्या मोडायला लावणार, पदर खांद्यावर टाकून आरशात डावं-उजवं करणार, आपलंच सरबत पिणार, "जरा फिरून येतो" म्हणणार आणि शेजारच्या दुकानातून घेऊन, पिशवी पदराआड लपवून आपल्याच दारावरून जाणार. असल्या गिऱ्हाइकाच्या मोडलेल्या घड्या पुन्हा घालताना अहिल्याबाई जे पुटपुटत, ते लिहिण्याजोगं नाही.

प्रकरण सुरू झालं ते केयाच्या पायांपासून. केया ही निमिषची मुलगी, आठवीतली. तिच्या शाळेत स्की क्लब होता. दर शुक्रवारी शाळा सुटली की पोरं बसनं विस्कॉन्सिनच्या टेकड्यांवर जाणार, पायांना फळ्या बांधणार आणि बर्फावरून खाली घसरणार. खालीच यायचं होतं तर वर कशाला जायचं, असं अहिल्याबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं. त्यावर केया "ओ माय गॉड, आजी" एवढंच म्हणाली. अमेरिकेत, शॉमबर्गला मुलाकडं आल्यापासून त्यांच्या पुष्कळ प्रश्नांना हे एवढंच उत्तर मिळत होतं.

"फळ्या आणि बूट तिथे भाड्यानं मिळतात, आई," सूनबाई शिवांगी म्हणाली.

"फळ्या ठीक. फळी काय, पाटासारखी. पण बूट? कुणाकुणाच्या घामाचे? दुसऱ्याचं पायताण घातलं की त्याची साडेसाती आपल्या पायाला लागते."

"आई, अमेरिकेत साडेसाती नसते," निमिष म्हणाला.

"मग गेल्या वर्षी तुझ्या ऑफिसात काय झालं होतं?"

 शनिवारी सगळे बूट घ्यायला निघाले.

दुकान रोझेल रोडला, दातांच्या डॉक्टरशेजारी. चालवणारी बाई डोना. अंगानं चांगली भरलेली, चष्मा दोरीनं गळ्यात टांगलेला, आणि आवाज असा की पार्किंगमधल्या माणसानंही वळून बघावं. अहिल्याबाईंना बाई बघताक्षणी पटली. गल्ल्यावर बसणाऱ्या बाईला आवाज पाहिजे. किनरा आवाज घेऊन धंदा करायचा म्हणजे विळा घेऊन दाढी करायची.

डोनानं अहिल्याबाईंना खुर्ची दिली, कागदी पेल्यात कॉफी दिली आणि केयासमोर फतकल मारली. एक जोड, दुसरा जोड, तिसरा. बूट कसले, बादल्याच त्या! जाड प्लॅस्टिकच्या, घोट्याच्या पार वर गेलेल्या, पुढं लोखंडी खटके. केया पाय घालणार, डोना खटके लावणार, गुडघे वाकवायला लावणार, मान हलवणार, काढ म्हणणार. बाकावर खोक्यांचा ढीग झाला. अहिल्याबाई हे सगळं असं बघत होत्या जसं निवृत्त हेडमास्तरांनी दुसऱ्याच्या शाळेची प्रार्थना बघावी.

शेवटी एक जोड बसला. तेव्हा अहिल्याबाई बोलल्या, "केया, तिला सांग, याच्याहून दोन बोटं मोठा दे. वाढता पाय आहे. पुढच्या वर्षीही झाला पाहिजे. तोवर पुढं कापूस कोंबू."

"आजी, आय कान्ट से दॅट."

"का? कापसाला इंग्रजीत शब्द नाही?"

केयानं सांगितलं. डोनानं दोन्ही हात आडवे केले आणि ती एवढ्या मोठ्यानं बोलली की शेजारच्या दातवाल्याकडचे पेशंट उठून बसले असतील.

"ती म्हणते, मोठा ती देणारच नाही. आत पाय हलला तर अँकल... घोटा मोडेल. आणि ती म्हणते, कापूस इज द वर्स्ट आयडिया शी हॅज एव्हर हर्ड."

अहिल्याबाईंना आधी रागच आला. गिऱ्हाइकाला तोंडावर नाही म्हणते! मग त्यांना आठवलं, आपणही कितीतरी नवरीच्या आयांना तोंडावर सांगितलंय की हा पोपटी तुमच्या मुलीला उठून दिसणार नाही, दुसरा घ्या नाहीतर घरी जा. नाही म्हणणारा दुकानदार मिळायला भाग्य लागतं. त्या उठल्या, त्या जोडाच्या खोक्यावर हात ठेवला आणि डोनाच्या डोळ्यांत बघून मराठीत म्हणाल्या, "हा जोड आमचा. उद्या नेते."

केयानं ते सांगितलं. डोना हसली, तिनं जाड पेनानं खोक्यावर 'ग्रँडमा' असं लिहिलं आणि खोकं गल्ल्यामागच्या फळीवर ठेवलं.

उद्या कशाला, आजच का नाही? कारण एवढ्या वेळात निमिषचा बुटाच्या लेबलाचा फोटो काढून झाला होता, आणि तो दाराकडे सरकत डोनाला म्हणत होता, "वी विल थिंक अबाउट इट."

इंग्रजी न येणाऱ्या माणसालाही काही वाक्यं सुरावरून कळतात. हे वाक्य अहिल्याबाईंनी उभा जन्म मराठीत ऐकलं होतं.

गाडीत बसल्याबसल्या त्यांनी विचारलं, "काय विचार करणारेस?"

"अगं आई, तोच बूट ऑनलाइन स्वस्त आहे. घरपोच येतो. नाही आवडला तर रिटर्न."

"त्या बाईला मी शब्द दिलाय."

"तिला मराठी कुठे कळतं?"

"शब्द मी दिलाय. मला कळतं."

"इथे सगळे असंच करतात. दुकानात ट्राय करायचं, ऑनलाइन घ्यायचं. यू नो, तिला सवय असेल."

"सवय मलाही होती. म्हणून काय बरं वाटायचं होय?"

पण लगाम त्याच्या हातात होता. शॉमबर्गात पायी कुठं जाता येत नाही. रस्ते आहेत, पण त्यांवर माणसानं चालावं अशी कुणाची अपेक्षा नाही. मानी माणसाला गाडी चालवता येत नसेल तर त्याचा मान दुसऱ्याच्या गाडीतून फिरतो. रविवारी अहिल्याबाई कोट घालून, पर्स घेऊन दाराशी बसल्या. निमिषला कुणाचंतरी बेसमेंट बघायला जायचं होतं. सोमवारी त्या पुन्हा बसल्या. त्याची मीटिंग होती. मंगळवारी त्यांनी कोट घातलाच नाही. डोना आज फळीकडे बघत असेल, या विचारानं त्यांना सकाळचा चहा गोड लागला नाही. साखर नेहमीएवढीच होती.

बुधवारी निमिषचा फोन म्हणाला की बूट दारात पोचला. दारात काहीच नव्हतं. फोनमध्ये पुरावा म्हणून फोटो होता: दार, दाराला तोरण, खाली खोकं.

"हे आपलं दार नाही," शिवांगी म्हणाली. "तोरण बघ. हे गुरुदत्त काकांचं. दिवाळीपासून काढलेलं नाही."

तेवढ्यात स्वतः गुरुदत्त काकाच खोकं घेऊन आले. कोपऱ्यावरचे, हाडांचे निवृत्त डॉक्टर. या गावात आले तेव्हा इथं मक्याची शेतं होती, असं ते प्रत्येक वाक्याआधी सांगत.

"मी उघडलं हं," ते म्हणाले. "मला वाटलं माझी गुडघा शेकायची मशीन आली. पायात घालूनही बघितलं. गुडघ्यापर्यंत येईना, तेव्हा मला शंका आली."

डॉक्टरांच्या पायाला ऐसपैस झाला, म्हणजे तो केयाचा नव्हता हे उघडच होतं. कुणा आडदांड गोऱ्याचा बूट होता. नंबर चुकीचा, रंग चुकीचा. फक्त दाराची काय ती चूक दुरुस्त झाली होती.

"नो प्रॉब्लेम," निमिष म्हणाला. "रिटर्न."

या देशात देव किती आहेत हे अहिल्याबाईंना माहीत नव्हतं, पण सगळ्यात मोठं देवस्थान हे, अशी त्यांची त्या संध्याकाळी रिटर्नच्या रांगेत खात्री पटली. मॉलमध्ये, एका कोपऱ्यात, हातात नैवेद्यासारखी खोकी घेऊन लोक उभे. आणि त्यात निम्मं महाराष्ट्र मंडळ! पुढंच मंजुषा उभी, हातात पितळी समयांचा जोड. याच समया चार दिवसांपूर्वी तिच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तेवत होत्या. अहिल्याबाईंनी त्यांच्यापुढं हात जोडले होते, वाण लुटलं होतं.

"अगं, या त्याच ना?" त्यांनी विचारलं.

"हो ना मावशी," मंजुषा अजिबात न लाजता म्हणाली. "वात लावली होती पण आतून फॉइल लावून. डाग नाही पडत. तुम्हाला सांगते, टॅग कधी कापायचा नाही, आत दुमडायचा."

अहिल्याबाईंनी समयांकडे बघितलं. लक्ष्मीनं आत यावं की टॅग बघून परत जावं, हे त्यांना ठरवता येईना.

मग मंजुषानं फुकटचा सल्लाही दिला. "आणि मावशी, हे स्कीचे बूट म्हणजे दगड असतात हं. आमच्या अनयच्या पायाला पहिल्या दिवशी एवढे फोड! आधी घरात घालून सैल करून घ्या." हे वाक्य अहिल्याबाईंनी मनात खोल ठेवून दिलं. पुढचं सगळं रामायण त्यातून झालं, पण मंजुषा आजही म्हणते की मी फक्त समया परत करायला गेले होते.

गुरुवारी दुपारी दुसरं खोकं आलं. आपल्या दारात. रंग बरोबर, पण नंबर एक मोठा.

"बरोबरचा संपला होता," निमिषनं ऑफिसातून फोनवर सांगितलं. "पण आई, तूच म्हणाली होतीस ना, वाढता पाय."

"मी म्हणाले होते ते दुकानात बसून. दुकानात माणूस हजार गोष्टी म्हणतो! नाही म्हणायला समोर दुकानदार असतो. तुझ्या त्या फोनला कुणी नाही म्हणत नाही, तिथं काही बोलायचं असतं होय?"

फोन ठेवला. शिवांगी वरच्या खोलीत कामाच्या कॉलवर. केया शाळेत. गॅरेजमध्ये खोकं, खोक्यात बूट, थंडीनं कडक होऊन वाजत असलेला. उद्या शुक्रवार. अहिल्याबाईंचा राग राग राहिला, पण पोरीचे पाय सोलून निघणार हे त्यांना बघवेना. बार्शीला त्यांनी निमिषची प्रत्येक नवी कोल्हापुरी आधी तेल पाजून, स्वतःच्या पायात घालून, घरभर फिरवून मऊ केली होती. पोराला चप्पल कधी चावली नाही. कदाचित तिथंच चुकलं असेल.

त्यांनी उजव्या पायाला खोबरेल चोपडलं, वरून लोकरी मोजा चढवला, थोडं तेल बुटातही सोडलं आणि गॅरेजच्या पायरीवर बसून पाय आत घातला. गेला. खटके लावले. शेवटचा जरा अडला, तो दोन्ही हातांनी दाबला. कड्क! उठून त्या ठक्-सर्र, ठक्-सर्र करत स्वयंपाकघरात गेल्या, चहा ठेवला, फेऱ्या मारल्या. बूट मऊ काही होईना. मग काढायला बसल्या.

बूट निघेना.

खटके सुटले, पण पाय सुटेना. घोटा सुजला होता, आणि वरचं प्लॅस्टिक मगरीच्या जबड्यासारखं मिटून बसलं होतं. त्यांनी ओढलं. दाराच्या फटीत टाच अडकवून ओढलं. मग जिन्याखालून शिवांगीला हाक मारली. हाक बार्शीच्या मापाची होती. वरच्या कॉलवरच्या डॅलसमधल्या तीन माणसांनी कुणी पडलं का म्हणून विचारलं.

शिवांगीनं ओढलं. केया शाळेतून आली, तिनं ओढलं. निमिष घाईनं घरी आला, त्यानं फोनवर व्हिडिओ बघून ओढलं; त्या व्हिडिओतल्या माणसाचा बूट फार सहज निघत होता. दोघी सोफा धरून, तिसरा बूट धरून, मध्ये अहिल्याबाई, असा सगळा प्रकार चालू असताना गुरुदत्त काका आले.

"या गावात मक्याची शेतं होती तेव्हापासून मी हाडं बघतोय," ते म्हणाले आणि घोटा वरून चाचपला. "जास्त वेळ ठेवणं बरं नाही. माझ्या गॅरेजमध्ये प्लॅस्टर कापायची करवत आहे. दोन मिनिटांत बूट उभा कापतो."

"काका, नको!" निमिष ओरडला. "कापला तर रिटर्न होणार नाही!"

 गुरुदत्त काकांनी चष्मा काढून पुसला. शिवांगीनं नवऱ्याकडं बघितलं. आपण काय बोललो हे निमिषला हळूहळू कळलं, पण तोवर वाक्य आईच्या कानातून थेट पोटात गेलं होतं.

"टॅग तेवढा आत दुमड रे," अहिल्याबाई शांतपणे म्हणाल्या. "मेले तर बुटासकट परत करता येईल."

"आई, आय डिडन्ट मीन... तसं नाही गं..."

"गाइज," केया म्हणाली, "व्हाय आर वी नॉट गोइंग टू डोना?"

अहिल्याबाई सोफ्यावर ताठ झाल्या. "तिच्या दारात? मी? घडीमोडं गिऱ्हाईक निदान पिशवी पदराआड लपवून तरी जातं. मी काय लपवू? पाय?"

पण बोटं आता बधिर व्हायला लागली होती, आणि डॉक्टर पुन्हा करवतीचं नाव घेत होते. शेवटी त्या उठल्या. नऊवारीवर शिवांगीचा लांब कोट, डाव्या पायात चप्पल, उजव्या पायात परक्या दुकानाचा बूट. निमिष, शिवांगी आणि केया तिघंही गाडीत बसले. सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या कुत्र्यानं त्यांच्याकडे बघितलं, तरी त्यांनी मान वळवली.

दुकानाचं दार उघडलं. ठक्-सर्र. ठक्-सर्र. डोना बाकाशी उभी होती. बाकावर, जमिनीवर, खुर्च्यांवर उघडी खोकी, एकेक बूट इकडं, झाकणं तिकडं. अहिल्याबाईंना कुणी सांगायची गरज नव्हती. आत्ताच कुणीतरी सगळं उलगडून "विचार करून सांगतो" म्हणून गेलं होतं. आणि गल्ल्यामागच्या फळीवर, जिथं ठेवलं होतं तिथंच, ते खोकं. 'ग्रँडमा'.

डोनानं आधी त्यांचा चेहरा बघितला, मग पाय बघितला. अहिल्याबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा एका दुकानदाराच्या नजरेला नजर दिली नाही.

"हाय, ग्रँडमा," डोना म्हणाली आणि खुर्ची ओढली.

पुढचं फार चाललं नाही. केस वाळवायची मशीन आणून डोनानं बूट गरम केला, जबडा फाकवला, एक पाय भिंतीला लावला आणि बैलगाडी चिखलातून ओढावी तसा ओढला. पाय सुटला तशी डोना मागच्या खोक्यांवर जाऊन बसली, आणि दुकानभर खोबरेलाचा वास सुटला. दोघी बायका एकमेकींकडे बघत धापा टाकत राहिल्या. मग डोना हसायला लागली. अहिल्याबाईंनाही हसू आलं असतं. पण निमिष पुढं आला.

त्यानं तो बूट उचलला, हुंगला, तोंड वाकडं केलं, बहुधा रिटर्नचा विचार कायमचा सोडला, आणि म्हणाला (हे केयानं नंतर घरी सगळ्यांना करून दाखवलं), "सिन्स वी आर हिअर, हा केयाला नीट बसेल असा फिट करून द्याल का?"

म्हणजे शेजारच्या दुकानातून साडी घ्यायची आणि फॉल लावायला आमच्याकडं आणायची!

डोनानं गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला. निमिषकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. मग एकच वाक्य बोलली, हळू आवाजात.

"आजी," केया म्हणाली, "ते मी ट्रान्सलेट नाही करणार."

"नको करूस. कळलं."

अहिल्याबाई उठल्या. एका पायात चप्पल, एका पायात तेलकट मोजा, अशा गल्ल्यामागं गेल्या. आपल्याच दुकानात असल्यासारख्या. फळीवरचं खोकं उतरवलं आणि केयाच्या हातात दिलं. "शिवांगी, याचं काय ते देऊन टाक." मग डोनाकडं वळून, हात जोडून म्हणाल्या, "बाई, उद्या म्हणाले होते, उशीर झाला. माझी गाडी दुसऱ्याच्या हातात आहे."

केयानं सांगितलं. डोना काहीतरी म्हणाली.

"ती म्हणते, तिला माहीत होतं तू येशील."

अहिल्याबाईंनी नाक ओढलं, पदर सारखा केला, आणि मग त्या बाकाशी उभ्या असलेल्या, हातात तेलकट बूट धरलेल्या आपल्या मुलाकडं वळल्या. आवाज बार्शीच्या मापाचा होता. शेजारच्या दातवाल्याकडचे पेशंट पुन्हा एकदा उठून बसले असतील.

"निमिष, घडीमोडं गिऱ्हाईक मी दारातून ओळखायचे. तूच तेवढा सुटलास, कारण तू दारातून नाही, पोटातून आलास! आता तो बूट खाली ठेव. ही सगळी खोकी जोड जुळवून, झाकणं बसवून जागच्या जागी लाव. आम्ही गाडीत बसतो. आणि डोनानं 'झालं का' म्हणून विचारलं, तर खबरदार 'विचार करून सांगतो' म्हणालास तर!"